बारीक तारेची पुडी

परवा नातीच्या गिटारसाठी तारा आणायला वर्ध्याच्या बाजारात गेले होते. गिटार स्वस्तातलीच, खोक्यातून घरपोच आलेली. स्वस्त गिटारींना जो रोग असतो तो हिलाही होता. तारा दांडीपासून इतक्या उंच की मधून माझं बोट आरपार जावं. चौथ्या दिवशीच सई बोटांची लाल झालेली टोकं दाखवत आली आणि म्हणाली, "आजी, मला नाही जमत." मी म्हटलं, तुला जमतंय गं, गिटारीलाच जमत नाहीये. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीतली पांढरी पट्टी उपसून काढली, खालच्या बाजूनं पॉलिश कागदावर घासली, पुन्हा बसवून पाहिली, पुन्हा घासली. हे सगळं मला येतं याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. तारा मात्र बदलायलाच हव्या होत्या. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, दहाच्या देऊ का बाराच्या?" हे आकडे तारेच्या जाडीचे. बाराच्या तारा भरदार वाजतात, पण शिकणाऱ्याची बोटं कापतात. दहाच्या नरम असतात, आवाज जरा पातळ. तो बिचारा मला हे समजावत होता आणि मी काउंटरवरच्या काचेकडे बघत उभी होते. "बारीक द्या," म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघताच माझी कानशिलं तापली. साठी कधीच उलटलेल्या बाईची, भर दुकानात. त्याला वाटलं ऊन लागलं, त्यानं पंखा माझ्याकडे वळवला.

या प्रकरणात जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी नको त्या कितीतरी गोष्टी सांगितल्या.

वर्ध्याजवळच्या आंजी गावात, आमच्या घरात आम्ही चारच माणसं होतो. आई, वर्ध्याला कचेरीत कारकून असलेले बाबा, मी, आणि बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठेबाबा. मोठीआई मी पाळण्यात असतानाच गेल्या होत्या आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठेबाबा शेत बघायचे आणि गावच्या मारुतीच्या देवळात भजनाला तंबोरा धरायचे. हे दुसरं काम त्यांचं खरं काम होतं असं आई हसत म्हणायची. तंबोरा देवळाचा, पण राहायचा आमच्या घरी, मधल्या खोलीत, जुन्या धोतराच्या गवसणीत. शनिवारी चहा झाला की ते तो मांडीवर घ्यायचे. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक सुताचा दोरा सरकवायचा असतो, म्हणजे तार नुसती वाजत नाही, गुंजते. तो दोरा मोठेबाबा आपल्याच शेतातल्या कापसाचा, मांडीवर वळून करायचे. मग खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. आईचा पाटा थांबायचा. ती म्हणायची, भाऊजींचा सूर लागेस्तोवर माह्या मिरच्या वाटल्या जात नाही. आणि मग एकदम सगळ्या तारा एकमेकींत मिसळून जायच्या आणि भिंतीतून आवाज येतोय असं वाटायचं. ते डोळे मिटून मान हलवायचे. "बसला," एवढंच म्हणायचे. माझं लहानपण कुठल्या आवाजात गेलं असं कुणी विचारलं तर मी हाच सांगीन, आणि त्यानंतर बाबांची एसटी फाट्यावर उभी राहिल्याचा.

मोतीबिंदूमुळे मोठेबाबांची नजर अधू होत चालली होती. नागपूरहून आणलेली तार ते बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवायचे. त्यात दोन पुड्या असायच्या. एक जाड तारेची, तंबोऱ्याच्या पहिल्या तारेसाठी, आणि एक बारीक तारेची, मधल्या दोन तारांसाठी. या मधल्या दोघींना जोड म्हणतात. त्या अगदी एका जाडीच्या हव्यात, नाहीतर कितीही पिळा, त्या एकमेकींत मिसळत नाहीत. दोन्ही तारांत फरक इतका थोडा की रापलेल्या बोटांना तो कळू नये. म्हणून मी पाचवी-सहावीत असताना त्यांनी माझ्याकडून पुड्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'जाड' आणि 'बारीक'. माझ्या अक्षराचं आमच्या घरात फार कौतुक होतं. आल्यागेल्याला माझी वही दाखवली जायची. "कुंदीनं लिहिलं म्हणजे पाहाचं काम नाई," मोठेबाबा म्हणायचे. मलाही माझं फार कौतुक होतं, हे इथेच सांगून टाकते.

मी वर्ध्याला कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षी मावसभाऊ सुधीरदादा नोकरीला लांब निघाला आणि जाताना आपली गिटार आमच्याकडे टाकून गेला. तिला वाजवणं म्हणजे शिक्षाच होती. तारा उंच, जाड आणि गंजलेल्या. आठ दिवसांत माझी बोटं सोलली. बाबांना हे खूळ वाटलं. मोठेबाबांनी मात्र ती हातात घेतली, पोटावर टिचक्या मारल्या, कान लावला आणि खूश झाले. "हा तं तंबोऱ्याचा लहान भाऊ व्हय. पण कोनं बसवला असा? तारा आभाळात नेऊन ठेवल्या." त्यांनी घोडीतली पट्टी काढली आणि अंगणातल्या ओल्या दगडावर दोन दिवस घासली, एका वेळी दहा-बारा हात, मग बसवून बघणं. वरच्या टोकाला तारेखाली पोस्टकार्ड सरकवून उंची मोजायचे. पोस्टकार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे. मी आता सईच्या गिटारीला तेच केलं, फक्त पोस्टकार्ड मिळालं नाही म्हणून लग्नाची पत्रिका घेतली.

गिटार वाजवण्यासारखी झाली. तारेवर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, "आता तारा बदल. ह्या जाड आहेत अन् गंजल्या. शिकणाऱ्यानं बारीक तारेवर शिकाव." मी विचारलं, तुमच्याकडे आहे ना बारीक? "आहे. पण ते देवळाची आहे अन् आता सप्ताह आला. सप्ताह होऊ दे, मी सोता नागपूरले जातो अन् तुह्यासाठी आणतो. पंधरा दिवस थांबजो." पंधरा दिवस. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. थांब म्हटलं होतं. कॉलेजचं गॅदरिंग मात्र आठ दिवसांवर होतं आणि त्यात मी व माझी मैत्रीण गाणं म्हणणार, गिटार वाजवणार, असं मी वर्गात सगळ्यांना सांगून बसले होते.

थंडीचे दिवस होते. त्या दुपारी मोठेबाबा कापसाच्या वेचणीवर गेले होते, आई मागच्या दारी तुरीच्या शेंगा सोलत होती, सोल्यांची भाजी करायची म्हणून. मी मधल्या खोलीत गेले, डबा काढला आणि 'बारीक' पुडी उघडली. जुन्या तारांच्या टोकाचे पितळी मणी काढून त्यात नव्या तारेचा फास पिळला. हा फास मला मोठेबाबांनीच शिकवला होता. पहिली तार घाईत जास्त पिळली गेली आणि तुटली. दुसऱ्यांदा बसवली. मग तिच्या शेजारची बसवली. हे होईस्तोवर पुडीत वीतभर तार उरली. आई बाहेरून म्हणाली, "कुंदे, शेंगा सोलाले येतं का?" मी म्हटलं, अभ्यास करून राह्यली. रिकामी पुडी दिसली असती. म्हणून मी 'जाड' पुडीतली निम्मी तार कापली, नीट वेटोळं केलं आणि 'बारीक' लिहिलेल्या कागदात गुंडाळली. कागदाच्या घड्या होत्या तशाच पाडल्या. नीटनेटकेपणा माझ्या अंगातच होता.

गॅदरिंगमध्ये टाळ्या पडल्या. त्याचं वर्णन करायला मला आता मन होत नाही. एवढं आठवतं की परतताना एसटीत मी गिटार मांडीवर उभी धरली होती आणि लोकांनी विचारावं म्हणून वाट बघत होते.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या भजनाआधी, जोडातली एक तार तुटली. देवळापुढच्या मांडवात माणसं जमली होती. देवळी गावाहून आलेले भजनी बुवा बसले होते, पेटीवाले मास्तर सूर धरून होते. मी बायकांत आईजवळ होते. मोठेबाबांनी शांतपणे डबा उघडला, पुडी काढली, दिव्याकडे धरली आणि मान वळवून मला हाक मारली. "कुंदे, इकडं ये बरं. माह्यानं दिसून नाई राह्यलं. हे बारीकच आहे ना?" मी उठले, सगळ्यांच्या मधून गेले. त्यांच्या हातात माझंच अक्षर होतं. तेवढ्या चार पावलांत मला सगळं सांगता आलं असतं, कानात सांगता आलं असतं, ते काही बोलले नसते. आयुष्यात ते मला एकदाही रागावल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, "हो मोठेबाबा. बारीक." आणि जागेवर जाऊन बसले.

त्यांनी तार चढवली. जुनी बारीक आणि नवी जाड, अशी जोडी. एका सुरात आणली तरी ती मिसळेना. दोरा पुढे नेला, मागे घेतला. जाड तारेचा ओढा जास्त, त्यामुळे खुंटी सरकायची, सूर उतरायचा, पुन्हा पहिल्यापासून. मांडवात आधी शांतता होती, मग कुजबुज सुरू झाली, मग पोरं रडायला लागली. त्यांच्याच वयाचा एक जण थट्टेनं ओरडला, "काऊन बे, तंबोरा बुढा झाला का तू?" सगळे हसले. मोठेबाबाही हसले. हसत हसतच त्यांनी पुन्हा खुंटी पिळायला घेतली. बुवा म्हणाले, "राहू द्या, आज पेटीवरच भागवू." तेव्हा मोठेबाबांनी तंबोरा हळूच आडवा ठेवला, गवसणी घातली आणि म्हणाले, "सूर बसून नाई राह्यला. माहा कानच गेला." ते उठून मांडवाबाहेर चपलांपाशी जाऊन बसले. भजन संपेपर्यंत तिथेच होते.

घरी आईनं बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला होता, त्यांच्या आवडीचा. "जेवत काऊन नाई भाऊजी? निवून चालला." ते म्हणाले, "भूक नाई वो." मी जेवले. पोटभर जेवले. हे लिहायची गरज नाही, पण लिहिते.

पुढचे काही दिवस ते आपल्या कानाची परीक्षा घेत होते. पितळेचा गडवा चमच्यानं वाजवायचे, आत जाऊन काही वेळानं परत यायचे, पुन्हा वाजवायचे आणि मला विचारायचे, "तोच सूर आहे का हा?" एकदा बाबांना म्हणाले, "आज एसटीचा हॉर्न रोजच्यावानीच वाजला का?" बाबांनी त्यांना वर्ध्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं चांगलं ऐकू येणारी माणसं कमी. बाबांना हायसं वाटलं. मोठेबाबा मात्र घरी आल्यावर म्हणाले, "डॉक्टरले ऐकू येनं समजते. सूर त्याले काय समजन?"

मी सांगणार होते. सप्ताह संपला की सांगणार होते, मग परीक्षा झाली की, मग बाबा घरी नसताना. रोज सकाळी मी वाक्य जुळवायचे आणि एसटीत बसले की ते सुटून जायचं. भीती नव्हती, हे आता नीट कळतं. कुंदीनं लिहिलं म्हणजे पाहायचं काम नाही, असं जे घरात म्हणत होते ते मला गमवायचं नव्हतं. त्यांचा कान जाऊ दिला, पण माझं नाव राखलं. याला दुसरा कुठला चांगला शब्द नाही. मी फार शोधला.

होळीच्या आसपास एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. तंबोरा देवळात नेऊन दिला होता, तो आता पेटीवाल्या मास्तरांचा भाचा धरायचा. मधल्या खोलीतला कोपरा रिकामा होता आणि आई तिथं पाण्याची टाकी ठेवू म्हणत होती. मोठेबाबांच्या मांडीवर तो बिस्किटांचा डबा होता. "हे घे. मास्तरले विचारलं, त्याले नको, तो नवी आणते म्हने. तुले नागपूरची तार आणून देतो म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. माहं मनच नाई झालं तिकडं जाचं. आता हेच लाव. बारीक आहे, तुह्या बोटाले बरं पडन." आणि त्यांनी माझ्या अक्षरातली ती पुडी माझ्या हातावर ठेवली.

ते तिथेच बसून राहिले. मी आताच तार लावावी, त्यांना ऐकायचं होतं. गिटारीवर आधीच त्यांची खरी बारीक तार होती. अधू नजरेला ती दिसत नव्हती. मी ती काढली आणि पुडीतली चढवली.  वाजवली. त्यांनी डोळे मिटले आणि मान एका बाजूला केली, शनिवारी करायचे तशी. "पुन्हा वाजव." मी वाजवली. "हे जाड वाजून राह्यली," ते म्हणाले. "हे बारीक नोहे, कुंदे. जाड व्हय हे." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी जागं झालं होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसत होतं की ते वाट बघत आहेत. मी एक शब्द बोलले असते तर त्यांना त्यांचं सगळं परत मिळालं असतं. मी पुडी उलटून बघितल्यासारखं केलं. म्हटलं, "नाही हो, बारीकच लिहिलंय."

"असं," ते म्हणाले. मग हसले. "तुहं अक्षर आहे म्हणजे बारीकच असन. माह्या कानाचं आता काय सांगाव." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते उठले.

त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. भजनाला जायचे, मागे बसून टाळ वाजवायचे. कुणी विचारलं, सूर बरोबर आहे का, तर म्हणायचे, मले नका विचारू, पोरांना विचारा. त्यानंतर मी गिटारीला हात लावला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी वाजवली, चांगली दोन-तीन वर्षं वाजवली, बक्षीसही मिळवलं. ते गेले तेव्हा मी लग्न होऊन दूर होते आणि दुसऱ्या दिवशी पोचले. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझी आठवण काढली असं आई सांगत होती. काय म्हणाले ते मी विचारलं नाही.

डबा माझ्याकडे आहे. चार घरं बदलली, नवरा गेला, मुलाकडे राहायला आले, डबा बरोबर आला. त्या दिवशी दुकानातून आले आणि नव्या तारा चढवायला पक्कड शोधत होते, तर सईनं तो डबा कपाटातून काढून उघडला. "आजी, तुझ्याकडे तारा होत्याच की! मग विकत कशाला आणल्या?" तिनं पुडी सोडली. तार काळी पडली होती. तिनं ती नव्या तारांतल्या सगळ्यात बारीक तारेशेजारी धरली, चिमटीत फिरवली, डोळ्याजवळ नेली. दहा वर्षांची पोर, बोटं अजून कोवळी, तिला लगेच कळलं. "ही बारीक नाहीये. ही तर जाड आहे. कोणी लिहिलंय असं चुकीचं?"

"मी," मी म्हटलं.

ती हसली. आजीसुद्धा चुकते याची तिला गंमत वाटली. "आणि कोणाच्या लक्षातच नाही आलं?"

मी पक्कड खाली ठेवली. "आलं होतं," मी म्हटलं. "माझ्या मोठेबाबांच्या आलं होतं. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना. नुसतं ऐकून ओळखलं होतं."